डहाणूच्या किनाऱ्यावर आम्ही काय पाहिलं

(नांदुरा इथं झालेल्या वनहक्क शिबिरात, डहाणूला जाऊन आलेल्या आमच्या सहा पोरापोरींच्या वतीनं केलेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं देत आहोत. वस्तीवर सगळे बसल्यावर एकानं मोठ्यानं वाचावं.)

 

मोहाचे दिवस आहेत. पहाटेची फुलं वेचायची सोडून तुम्ही सातपुड्यातून खाली नांदुऱ्यापर्यंत आलात. कोणी जीपनं, कोणी अर्ध्या वाटेपर्यंत पायी. म्हणून जास्त वेळ घेणार नाही. पण हिशेब द्यायचा आहे. संघटनेच्या बैठकीत ठरलं की आपली पोरं डहाणूला पाठवू. तुम्ही घरामागं पाच-पाच रुपये दिले, काहींनी ज्वारी दिली. तेव्हा एक बाबा म्हणाले होते, "समुद्र पाहाले जाता का रे? आपलं जंगल इकडं, अन् समुद्राचं आपल्याले काय करायचं?" बाबांचा प्रश्न बरोबर होता. आज आम्ही त्याचंच उत्तर द्यायला उभे आहोत.

भोंगऱ्या झाला, होळी झाली, मंग आम्ही निघालो. चार पोरं, दोन पोरी. नांदुरा स्टेशनावरून रात्रीच्या गाडीनं दादर, तिथून लोकलनं विरार, विरारहून डहाणूची शटल. डहाणू रोड स्टेशन आलं तेव्हा खाली उतरताच सुक्या मासळीचा वास आला. स्टेशनापासून समुद्र जवळच. आमच्यापैकी कोणीच आधी समुद्र पाहिला नव्हता. पाहिल्यावर कोणीच काही बोललं नाही. मंग एका पोरीनं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. म्हणाली, "हे तं आपल्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीपेक्षा खारं हाये!" पूर्णाकाठच्या गावांत राहणाऱ्यांना कळेल ती काय म्हणाली ते.

आता आधी जागा सांगतो. डहाणू म्हणजे पालघर जिल्ह्यातला तालुका, मुंबईच्या वर, गुजरातच्या खाली. पश्चिमेला समुद्र. किनारा सपाट आहे, म्हणून ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि भरतीला परत येतं. किनाऱ्याला लागून कोळ्यांची, मांगेल्यांची, माच्छींची गावं. त्याच्या मागं वाड्या: चिकू, नारळ, आंबा, भाजीपाला. त्याच्या मागं रेल्वे, मंग भातशेती, मंग हायवे, आणि हायवेच्या पलीकडे डोंगर, जंगल आणि वारल्यांचे पाडे. डोंगरात पडलेलं पाणी ओढ्यांतून खाली येतं, भाताच्या खाचरांतून जातं, खाडीला मिळतं आणि खाडीतून समुद्रात. खाडीच्या चिखलात तिवरं उभी आहेत. त्या तिवरांच्या मुळांत कोळंबीची आणि माशांची पिल्लं वाढतात. डोंगर उघडा झाला की माती खाडीत येते, खाडी बुजते आणि मासा कमी होतो. हे आम्हाला कोण्या साहेबानं सांगितलं नाही. एका मच्छीमार भाऊनं काठीनं वाळूत रेघा ओढून समजावलं.

मंग आम्हाला आपलं पाणी आठवलं. आपल्या सातपुड्यात पडलेला पाऊस नाल्यांतून पूर्णेत येतो. पूर्णा इथून नांदुरा तालुक्यातून पुढं जाते, चांगदेवला तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ समुद्रात जाते. म्हणजे डहाणूसमोरचा समुद्र आणि आपल्या पाण्याचा शेवट एकच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात एक जुना शिलालेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात उषवदात नावाच्या राजपुरुषानं ज्या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या त्यांची नावं कोरलेली आहेत. त्या यादीत तापी आहे आणि दाहनुका, म्हणजे डहाणूची नदी, तीही आहे. तेव्हापासून हे नाव कागदावर, म्हणजे दगडावर आहे. पण त्या नदीच्या काठी जंगलात कोण राहत होतं, त्यांची नावं कोणी कोरली नाहीत. राजांची यादी पुढंही चालूच राहिली. पोर्तुगीज आले, त्यांनी किल्ला बांधला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. मंग इंग्रज आले. राजे बदलले की किल्ल्यावरचा झेंडा बदलला. डोंगरातल्या माणसाचं खरं नुकसान मात्र झेंड्यानं नाही, मोजणीनं केलं.

ते कसं झालं, ते नीट ऐका, कारण आपल्याकडंही तसंच झालं. इंग्रजांनी जमीन मोजली. जी जमीन माणसाच्या नावावर नव्हती ती सरकारची झाली आणि जंगल खात्याचं झालं. जी नावावर होती तिच्यावर रोख सारा बसला. वारली नाचणी, वरई पिकवणारा माणूस. त्याच्याकडं रोख पैसा कुठून येणार? मंग सावकार आला, दारूचा गुत्तेदार आला, गवताचा व्यापारी आला. अंगठा घेतला, जमीन गेली. ज्याची जमीन होती तोच त्याच जमिनीवर कूळ झाला, आणि कुळाला मालकाच्या घरी फुकट राबावं लागायचं. त्याला वेठबिगार म्हणत. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी गडी म्हणून बांधले जायचे, कर्ज फिटेपर्यंत. आणि ते कधी फिटायचं नाही. त्याला लग्नगडी म्हणत. आमच्यातल्या एकानं तिथल्या म्हाताऱ्या आजीला विचारलं, "आजी, किती वर्षं?" आजी म्हणाल्या, "माझ्या आजोबाला विचारायला पाहिजे होतं. तो मेला तेव्हाही फिटलं नव्हतं."

त्या काळात समुद्राजवळच्या जमिनीवर वाड्या उभ्या राहिल्या. इराणहून आलेल्या झरतुष्ट्री लोकांनी चिकूची लागवड वाढवली. त्यांनी मेहनत केली, हे खरंच आहे. आज डहाणू-घोलवडचा चिकू लांबलांबच्या बाजारात जातो. सकाळी आम्ही रस्त्यावर उभे होतो. डोंगराकडून पोरी, बाया, पोरं रांगेनं खाली वाड्यांकडं चालली होती. कोणाच्या हातात लांब काठी आणि तिला बांधलेली जाळी, चिकू तोडायची. कोणाच्या डोक्यावर पाटी. शहरातून आलेले लोक हॉटेलच्या गच्चीवरून समुद्र पाहत होते. त्यांना हे गाव सुंदर दिसतं, आणि आहेही. पण ज्या हातांनी ती झाडं जगवली त्या हातांच्या घरी चिकूचं एक झाड लावायला जागा नाही, असं आम्हाला दोन पाड्यांवर ऐकायला मिळालं.

आता १९४५ ची गोष्ट. ही आपल्या प्रत्येक वस्तीवर सांगायला पाहिजे. किसान सभेचे शामराव परुळेकर आणि गोदावरी परुळेकर या भागात आले. गोदावरीताई पाड्यापाड्यावर पायी फिरल्या, वारल्यांच्या झोपडीत राहिल्या. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची परिषद भरली. हजारो आदिवासी आले. तिथं ठरलं की वेठबिगार करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, मजुरी रोख घ्यायची, दिवसाला बारा आणे. ठरवलं आणि केलं. लग्नगडी सावकारांची घरं सोडून बाहेर पडले. मंग पावसाळ्यानंतर गवत कापायचा हंगाम आला. त्या भागातलं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं, त्यात व्यापाऱ्यांचा मोठा पैसा होता. वारल्यांनी सांगितलं, पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये द्या, नाहीतर गवत उभंच राहील. संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथं जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण शहीद झाले. त्यात जेठ्या गांगड होते. हा लढा वारल्यांनी सोडला नाही आणि वेठबिगार मोडून काढली. हे सगळं गोदावरीताईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. पुस्तक १९७० चं आहे. संघटनेच्या पेटीत एक प्रत ठेवायचं आम्ही ठरवलं आहे.

यात आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटली. एकट्या वारल्यानं मालकाला सांगितलं असतं की मी वेठ करणार नाही, तर त्याला झाडाला बांधून मारलं असतं. तसं होतही होतं. सगळ्यांनी एका दिवशी सांगितलं म्हणून चाललं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं परत येतो.

लढ्याबरोबर शिक्षणाचंही सांगतो, कारण आमच्यासारखे बारावीपर्यंत कसेबसे पोचलेले इथं थोडेच आहेत. डहाणूच्या उत्तरेला किनाऱ्यावर बोर्डी गाव आहे. तिथं १९४५ मध्येच ताराबाई मोडक यांनी लहान मुलांचं काम सुरू केलं. आज आपल्या वस्तीवर जी अंगणवाडी आहे, त्या अंगणवाडीची कल्पना बोर्डीतली. पुढं १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांच्या जवळ. ताराबाईंच्या बरोबर अनुताई वाघ होत्या. त्यांना दिसलं की पोरं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं चारायला जातात. मंग त्यांनी पोरांना नावं ठेवली नाहीत. शाळाच कुरणावर नेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरं चरतात आणि पोरं झाडाखाली शिकतात. आपल्याकडं मास्तर येत नाही म्हणून आपण ओरडतो, ते बरोबरच आहे. पण कोसबाडला पाहिलं तेव्हा वाटलं, आपणच रात्री कंदिलाखाली तासभर अक्षरं शिकवली तर? आमच्या दोन पोरींनी हे काम घेतलं आहे. निदान ग्रामसभेच्या ठरावावर अंगठ्याऐवजी सही यावी.

गावचं जगणं कसं आहे, तेही सांगतो. पहाटे धाकटी डहाणूकडं गेलो. होड्या आल्या होत्या. बाप्ये जाळी सोडवत होते आणि बाया माल वाटून घेत होत्या. भाव बायाच करतात. टोपली घेऊन बाजारात बायाच बसतात. पैसा बाईच्या कमरेला असतो. आमच्या पोरींना हे फार आवडलं. पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात, समुद्रात जात नाहीत, कारण समुद्र खवळलेला असतो आणि मासे अंड्यावर असतात. नारळी पुनवेला समुद्राला नारळ देऊन परत सुरुवात. म्हणजे जसं आपण पोळ्याला बैलाला काम देत नाही आणि नवं धान्य देवाला दिल्याशिवाय खात नाही, तसाच त्यांचा समुद्राशी नेम आहे.

डोंगराकडं वारल्यांचा तारपा ऐकला. दुधी भोपळ्याचा, बांबूचा आणि ताडाच्या पानाचा तो वाजा असतो. एक जण मधे वाजवतो आणि बाकीचे हात धरून त्याच्याभोवती गोल फिरतात. वाजवणाऱ्याकडं कोणी पाठ करत नाही. लग्नाच्या वेळी बाया गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढतात. त्यात पालघट देवी असते, झाडं, माणसं, जनावरं असतात. ही चित्रं आता जगभर गेली आहेत. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणली. शहरात लोक ती घरात लावतात. हायवेजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीचं देऊळ आहे. चैत्रात हनुमान जयंतीपासून तिथं मोठी जत्रा भरते. किनाऱ्याचे लोक येतात, डोंगराचे येतात, गुजरातचे येतात. पण डोंगरावर देवीचा झेंडा लावायचा मान आदिवासी पुजाऱ्याचा आहे. तो मान कोणी कागदावर दिलेला नाही आणि कोणी काढूनही घेतलेला नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. बोंबील वाळवायची जागा आम्ही पाहिली. वाळूवर बांबू उभे करून त्यांवर आडवे बांबू बांधतात आणि बोंबील जोडीजोडीनं लटकवतात. लांबून पांढरी कुंपणं दिसतात. तिथं एक मावशी काम करत होत्या. आम्ही विचारलं, "मावशी, ही जागा कोणाच्या नावावर आहे?" त्या हसल्या. म्हणाल्या, "माझी सासू इथंच वाळवायची, तिची सासू पण इथंच." आम्ही म्हणालो, "पण सातबाऱ्यावर?" त्या म्हणाल्या, "सातबाऱ्यावर सरकार." मंग थोडं थांबून म्हणाल्या, "घर माझ्या नावावर आहे. पण नुसत्या घरावर काय जगू? मासा वाळवायला जागा नको? होडी ठेवायला नको? खाडी नको?"

साथींनो, त्या रात्री आम्ही झोपलो नाही. कारण ती बाई आपलंच बोलत होती.

१ जानेवारी २००८ पासून वनहक्क कायद्याचे नियम लागू झाले. कायदा २००६ चा. आपल्या गावांत दावे भरणं सुरू आहे. आमच्याच गावचं सांगतो, दुसऱ्याचं नाही. आम्ही समितीतली पोरं रात्र-रात्र बसलो आणि नमुना 'अ' भरले. घरामागं एक. अमक्याचा प्लॉट तीन एकर, तमक्याचा पाच. बांधावरून भांडणं झाली. दोन भाऊ अजून बोलत नाहीत. आणि नमुना 'ब', जो सगळ्या गावाचा मिळून असतो, तो कोराच ठेवला. का? एका कर्मचाऱ्यानं सांगितलं होतं की आधी ज्याचं त्याचं करा, सामूहिक नंतर पाहू. आम्ही ऐकलं. ही चूक आमची आहे. तुम्ही विश्वासानं आम्हाला समितीत बसवलं आणि आम्ही गावाचं रान भरायचं विसरलो.

डहाणूच्या एका पाड्यावर याचं उत्तर मिळालं. तिकडं पूर्वी जंगलात एकसाली प्लॉट देत. एक वर्षाच्या करारावर कसायची जमीन. पुढं त्या जमिनी पक्क्या करून घ्यायला तिथल्या लोकांनी फार लांब लढा दिला. १९७८ पासून तिथं कष्टकरी संघटना काम करते, तिनं हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. त्या पाड्यावरचे एक बाबा आम्हाला म्हणाले, "माझा प्लॉट मिळाला. पण गुरं चारायचं कुरण कुंपणात गेलं, ओढ्यावर जायची वाट गेली. प्लॉटावर भात होतो चार महिन्यांचा. बाकीचे आठ महिने रान पोसायचं. आता पोरगा आठ महिने वीटभट्टीवर जातो." बाबा रागानं बोलले नाहीत. पण आम्ही मान खाली घातली.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण डहाणूत फक्त गेलंच नाही, राखलंही आहे. खाडीकाठी कोळशावरचं वीज केंद्र आलं, ५०० मेगावॉटचं. १९९५ पासून ते चालू आहे. लोकांना भीती वाटली की यामागून कारखाने येतील आणि खाडी, वाड्या, जंगल सगळं जाईल. केंद्र सरकारनं २० जून १९९१ ला डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक भाग म्हणून जाहीर केला आणि कारखान्यांसाठी ५०० एकरांची मर्यादा घातली. पुढं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ३१ ऑक्टोबर १९९६ ला कोर्टानं निकाल दिला आणि त्यानुसार डहाणूसाठी एक प्राधिकरण नेमलं गेलं. त्याचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी होते. वाढवण गावाजवळ मोठं बंदर बांधायचं घाटत होतं. १९९८ मध्ये या प्राधिकरणानं त्याला नकार दिला.

हे एकट्या मच्छीमाराला जमलं नसतं, एकट्या वाडीवाल्यालाही नाही आणि एकट्या आदिवासीलाही नाही. त्यांचं आपसात सगळं गोड आहे असं समजू नका. मजुरीवरून वाद आहेत, जमिनीवरून जुना हिशेब बाकी आहे. तरी खाडी, पाणी आणि रान सगळ्यांचं आहे, या एका गोष्टीवर ते एका बाजूला उभे राहिले. बंदराचं भूत कायमचं गेलं असं तेव्हाही तिथं कोणी मानत नव्हतं. लोक म्हणत होते, डोळा लागला की ते परत येईल.

डोंगराचं पाणीही तिथं मोठा प्रश्न आहे. सूर्या नदीवर धामणीचं धरण बांधलं. आदिवासींची गावं उठली. सांगितलं होतं शेतीला पाणी मिळेल, आणि आता ते पाणी पाइपानं शहराकडं जातं. इथं नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव प्रकल्प होतो आहे. गावंच्या गावं त्यात जाणार आहेत. ते लोक आदिवासी नसतील, पण उठणाऱ्या माणसाचं दुःख आपल्याइतकं कोणाला कळणार? त्यांच्या बैठकीला आपण गेलं पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे.

तर बाबांनी विचारलं होतं, समुद्राचं आपल्याला काय करायचं. आमचं उत्तर हे: जमिनीचा तुकडा नावावर झाला म्हणजे जगणं नावावर झालं असं नाही. कोळ्याला घराबरोबर खाडी आणि वाळवण पाहिजे. आपल्याला प्लॉटाबरोबर रान पाहिजे. मोह, तेंदू, डिंक, बांबू, चराई, नाला, मसणवटा, देवाची जागा. हे एकेकट्याच्या नमुना 'अ' मध्ये मावत नाही. कायद्यानं त्यासाठीच नमुना 'ब' ठेवला आहे.

म्हणून आता कामं सांगतो. ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहून घ्या.

पहिलं. प्रत्येक गावात ग्रामसभा घ्या. वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची असते, त्यात तीनात एक तरी बाई पाहिजे. कागदावर नाव टाकून घरी ठेवलेली बाई चालणार नाही. रान बायाच जास्त फिरतात, सरपण कुठून आणि फुलं कुठून हे त्यांनाच जास्त ठाऊक आहे. ग्रामसभेला किमान निम्मी माणसं हजर पाहिजेत, नाहीतर ठराव पुढं टिकणार नाही.

दुसरं. ग्रामसभेनं दावे मागवले की तीन महिन्यांची मुदत धरलेली आहे. गरज पडली तर कारण लिहून ग्रामसभा ती वाढवू शकते. पण वाढवायच्या भरवशावर बसू नका. नमुना 'ब' याच महिन्यात भरा.

तिसरं. पुरावा. कागद नाही म्हणून घाबरू नका. म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलं तर तोही पुरावा आहे. जुनी विहीर, बांध, घराचं जोतं, मसणवटा, देवाचा दगड, हाही पुरावा आहे. पण एकावर थांबू नका, एकापेक्षा जास्त पुरावे जोडा. एक दिवस ठरवून गावातल्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन शीव फिरा. ते सांगतील तसं नाल्याचं नाव, टेकडीचं नाव, चराईची जागा कागदावर काढा. त्या मच्छीमार भाऊनं वाळूत काढला तसा नकाशा. सुंदर नसला तरी चालेल, खरा पाहिजे. शेजारच्या गावाला बोलावून शीव दाखवा, म्हणजे नंतर भांडण नको.

चौथं. ज्यांचे 'अ' नमुने भरलेत त्यांनी तपासा. नवरा-बायको दोघांचं नाव आहे का? आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताबा पाहिजे आणि जास्तीत जास्त चार हेक्टर मिळतात. ही जमीन पोराबाळांकडं जाते, पण विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. कोणी म्हणेल, मंग काय फायदा? त्याला डहाणूच्या त्या आजीची गोष्ट सांगा, अंगठ्यावर गेलेल्या जमिनीची.

पाचवं. दावा दिला की पोच घ्या. पोच नाही तर दावा दिलाच नाही असं समजा. आणि दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून उठवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. कोणी गावात येऊन खुंट्या ठोकायला लागला तर मारामारी करू नका. सगळं गाव जमा करा, पोच दाखवा, आणि त्याच्याकडं लेखी आदेश मागा. एकटा कोणी पुढं जाऊ नका. वारल्यांनी वेठ कशी मोडली ते आत्ताच सांगितलं.

आणि सहावं, आमच्यासाठी. ज्या दोन भावांचं भांडण आमच्या घाईमुळं झालं, त्यांच्या बांधावर आम्ही समितीतले सगळे जाणार आहोत. दोघांच्या आईला मधे बसवून परत मोजणार आहोत. चूक झाली तर दुरुस्त करायची, ती झाकायची नाही.

आता पैशाचा हिशेब. जाण्या-येण्याचं तिकीट लागलं, दोन दिवसांचं जेवण लागलं. राहायला तिथल्या साथींनी पाड्यावर जागा दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. वही इथं ठेवली आहे, ज्याला पाहायची त्यानं पाहावी. उरलेल्या पैशांतून इथं नांदुऱ्यात नमुना 'ब' च्या झेरॉक्स काढून आणल्या आहेत. प्रत्येक गावानं जाताना दोन-दोन घ्या, एक भरायला आणि एक चुकली तर. त्या मावशींनी आमच्याबरोबर मूठभर सुके बोंबील दिले आहेत, सगळ्या शिबिराला पुरणार नाहीत, पण म्हाताऱ्या माणसांनी आधी चाखा. समुद्राकडून आलेत.

जोहार. जिंदाबाद.